पंचगंगेची पातळी सगळ्यांना माहीत, मग चौकातल्या कॅमेऱ्याचं काय?



पेट झाली, मुलाखत झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय आणि विषयच सापडत नाही, अशा अर्थाचे निरोप मला बरेच येतात. विषय निवडायचे दहा नियम सांगून फारसा उपयोग होत नाही असं माझं मत आहे. त्यापेक्षा एकच विषय घेऊन तो शेवटपर्यंत उलगडून दाखवतो. विषय असा: रस्ते, चौक, बसस्टँड, टोलनाके अशा सार्वजनिक जागांवर जी डिजिटल यंत्रं बसवलेली असतात, त्यांच्याबद्दल तिथून जाणाऱ्या माणसाला किती कळतं? संशोधनाच्या भाषेत याला सार्वजनिक जागांमधल्या डिजिटल तंत्रज्ञानाची पारदर्शकता म्हणतात. नाव जड वाटतं, पण हा अभ्यास हातकणंगल्यासारख्या तालुक्याच्या गावात बसूनही करता येतो. फार तर तिथंच जास्त चांगला करता येतो. का ते पुढं येईलच.

आधी एक जुनं यंत्र बघू

कोल्हापूर जिल्ह्यात पावसाळ्यात दोन आकडे लहान पोरांनाही पाठ असतात: ३९ आणि ४३. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ फुटांवर गेली की धोका पातळी. २०१९ आणि २०२१ चा महापूर ज्यांनी बघितलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. आमच्या तालुक्यात रुई, इंगळीकडची माणसं सकाळी उठल्यावर चहाच्या आधी पातळी विचारतात. किती फूट झालं, वाढतंय की उतरतंय, एवढ्यावर जनावरं कधी हलवायची, घरातलं धान्य माळ्यावर कधी टाकायचं, हे ठरतं.

आता संशोधकाच्या नजरेनं या पाणीपातळीच्या पट्टीकडं बघा. ती सार्वजनिक जागेत लावलेलं मोजमापाचं साधन आहे. ती काय मोजते, हे सगळ्यांना माहीत आहे. कुठं मोजते, कुठल्या एककात मोजते, हेही माहीत आहे. कुठला आकडा ओलांडला की धोका धरायचा, हे आधीच जाहीर आहे. आकडा ओलांडल्यावर कोण हालचाल करणार, हेही ठाऊक आहे. आणि आकडा चुकीचा वाटला तर कुणाला विचारायचं, हेसुद्धा. कुणी कधी याला पारदर्शकता वगैरे म्हटलं नाही, पण ती तीच आहे.

याच्या शेजारी चौकातला एखादा कॅमेरा ठेवा. तो दिसतो, कारण तो खांबावर असतो. बहुतेक वेळा खाली एक पाटी असते: आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात. बस्स. हा कॅमेरा नुसतं चित्र साठवतो की गाडीची नंबरप्लेट वाचतो? चेहरा ओळखतो का? चित्रण किती दिवस राहतं? कोण बघतं? माझ्याबद्दल चुकीची नोंद झाली तर मी कुठं जायचं? वरच्या पट्टीबद्दल जे सगळं आपल्याला तोंडपाठ आहे, त्यातलं इथं जवळजवळ काहीच माहीत नसतं. हा फरक म्हणजे आपला संशोधनविषय.

यंत्र दिसलं म्हणजे कळलं असं नाही

माझं एमएस्सी इलेक्ट्रॉनिक्समधलं, त्यामुळं मला या विषयाची गोडी यंत्राच्या बाजूनं लागली. एक गोष्ट लक्षात घ्या: कॅमेऱ्याचा डबा बघून त्याचं काम ओळखता येत नाही. तोच कॅमेरा, तीच भिंग, पण मागचं सॉफ्टवेअर बदललं की काम बदलतं. काल तो फक्त चित्रण करत होता, आज गर्दी मोजतोय, उद्या नंबरप्लेट वाचेल. खांबाला कुणी हातही लावणार नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला काहीच बदललेलं दिसणार नाही.

काही यंत्रं तर दिसतच नाहीत. पुणे–बेंगळुरू महामार्गावरचा किणी टोलनाका आमच्याच तालुक्यात येतो. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवरच्या टोलनाक्यांच्या सगळ्या रांगांमध्ये फास्टॅग बंधनकारक झाला. काचेवरच्या त्या स्टिकरमध्ये बॅटरी नसते. वरच्या अँटेनातून ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरी येतात, त्यांच्याच ऊर्जेवर टॅगमधली चिप जागी होते आणि आपला क्रमांक परत पाठवते. पैसे कापल्याचा मेसेज मोबाइलवर येतो. त्या मेसेजमध्ये नाक्याचं नाव, वेळ आणि रक्कम असते, म्हणजे एका अर्थानं ही यंत्रणा बऱ्यापैकी पारदर्शक आहे. पण मी कुठल्या दिवशी किती वाजता किणीवरून गेलो ही नोंद किती वर्षं राहते आणि ती आणखी कुणाला मागता येते, हे त्या मेसेजमध्ये नसतं.

तेव्हा पहिला धडा: पारदर्शकता ही आहे किंवा नाही अशी गोष्ट नसते. एकाच यंत्रणेची एक बाजू उघडी असते, दुसरी झाकलेली. म्हणून ती मोजावी लागते.

पारदर्शकता म्हणजे नेमकं काय?

नवीन संशोधक इथंच अडखळतात. संकल्पना मोठी घेतात, व्याख्या पुसट ठेवतात, मग प्रश्नावली कशावर करायची हे कळत नाही. या विषयावरचं लेखन भरपूर आहे, पण तीन कामांपासून सुरुवात केली तरी चौकट उभी राहते.

पहिलं, आर्चन फंग, मेरी ग्रॅहम आणि डेव्हिड वाइल यांचं २००७ चं पुस्तक, 'फुल डिस्क्लोजर'. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: माहिती जाहीर केल्यानं आपोआप काही होत नाही. माणूस जिथं आणि जेव्हा निर्णय घेतो, तिथं आणि तेव्हा ती माहिती त्याच्या हाताशी असली तरच फरक पडतो. लॉस एंजेलिस परगण्यात १९९८ पासून हॉटेलांच्या दारावर स्वच्छतेची श्रेणी अक्षरात लावायला लागले, त्याचं उदाहरण या क्षेत्रात नेहमी येतं. अहवाल आधीही होते, पण ते फायलीत होते. दारावर अक्षर आलं तेव्हा गिऱ्हाइकानं ते वाचलं आणि मालकानं स्वयंपाकघर घासलं. आपली ३९ फुटांची गोष्ट हीच.

दुसरं, जोनाथन फॉक्स यांचा २००७ चाच लेख. पारदर्शकतेतून उत्तरदायित्व येतंच असं नाही, हे त्यांनी नीट मांडलं. कागद जाहीर झाले, पण त्यातून कोण काय निर्णय घेतो हे कळत नसेल, तर ती धुरकट पारदर्शकता.

तिसरं, माइक अनॅनी आणि केट क्रॉफर्ड यांचा 'सीइंग विदाउट नोइंग' हा लेख. एखाद्या गणिती प्रणालीच्या आत डोकावता आलं म्हणजे ती समजली असं नाही, आणि समजली तरी ती बदलायची ताकद हातात येईलच असं नाही, असं ते म्हणतात.

ही तिन्ही एकत्र ठेवून मी कामापुरत्या तीन पायऱ्या करतो: दिसणं, कळणं, विचारता येणं. यंत्र आहे हे दिसतं का? ते काय करतं हे कळतं का? आणि गडबड झाली तर ज्याच्याकडं जायचं तो माणूस किंवा कार्यालय सापडतं का? बहुतेक पाट्या पहिल्या पायरीवर थांबतात. माझं म्हणणं असं की तिसरी पायरी नसेल तर पहिल्या दोन जवळपास शोभेच्या राहतात.

बाहेर काय प्रयोग झाले

टोरंटोमध्ये ऑक्टोबर २०१७ मध्ये गूगलच्या भावंड कंपनीनं, साइडवॉक लॅब्सनं, किनाऱ्यालगतचा एक भाग सेन्सरनं भरलेली वस्ती म्हणून उभारायचं जाहीर केलं. लोकांनी पहिल्या दिवसापासून विचारलं: हा डेटा कुणाचा? कंपनीची सल्लागार असलेली गोपनीयतेची एक मोठी अभ्यासक ऑक्टोबर २०१८ मध्ये याच मुद्द्यावरून बाहेर पडली. मे २०२० मध्ये प्रकल्प गुंडाळला. करोनाकाळातली आर्थिक अनिश्चितता हे कारण कंपनीनं दिलं.

पण त्या धडपडीतून एक कामाची गोष्ट निघाली. २०१९ मध्ये सार्वजनिक जागेतल्या यंत्रांसाठी षटकोनी चिन्हांची एक पद्धत तयार झाली. एका षटकोनात यंत्रणेचा उद्देश, एकात जबाबदार संस्था, एकात तंत्रज्ञानाचा प्रकार आणि जोडीला क्यूआर कोड. माणूस ओळखला जातो की नाही, हेही चिन्हावरून समजावं अशी कल्पना. पुढं ही पद्धत इतरांनी वापरायला आणि सुधारायला खुली ठेवली गेली.

ॲमस्टरडॅम आणि हेलसिंकी या शहरांनी सप्टेंबर २०२० मध्ये दुसरा रस्ता धरला. पालिका कुठकुठं कृत्रिम बुद्धिमत्ता वापरते याची नोंदवही त्यांनी सगळ्यांसाठी उघडली. ॲमस्टरडॅमच्या वहीत रस्त्यावरून फिरून गाड्यांच्या नंबरप्लेट तपासणाऱ्या पार्किंगच्या यंत्रणेचीही नोंद होती. शिवाय डिसेंबर २०२१ पासून तिथं सार्वजनिक जागेत सेन्सर लावणाऱ्याला पालिकेकडं त्याची नोंद करावी लागते, आणि ते सेन्सर नकाशावर बघता येतात.

या दोन रस्त्यांमधला फरक परीक्षेला विचारण्यासारखा आहे. पाटी जागेवर असते, सगळ्यांना दिसते, पण तिच्यावर मजकूर थोडा मावतो. नोंदवहीत मजकूर भरपूर मावतो, पण ती उघडायची म्हणजे ती आहे हे आधी माहीत हवं. क्यूआर कोड हा दोन्हींना जोडणारा पूल. मात्र साधा फोन असलेल्या आजीला त्या पुलावर चढताच येत नाही.

आपल्याकडं नियम नाही असं नाही

आपल्याकडं असलं काही नसतंच, असं वाक्य सिनॉप्सिसमध्ये लिहू नका. परीक्षक तिथंच पकडतील. आहे, आणि तेही चांगलं आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७-अ हा नियम आला. वेग मोजणारे कॅमेरे, नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे, पोलिसांच्या अंगावरचे कॅमेरे अशा यंत्रांनी ई-चलान करायचं असेल तर काय पाळायचं, हे त्यात आहे. यंत्राच्या अचूकतेचं प्रमाणपत्र हवं आणि ते दर वर्षी नव्यानं घ्यायला हवं. कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी, हा भाग निगराणीखाली आहे असं सांगणारी पाटी ठळक दिसेल अशी हवी. चलानाच्या नोटिशीसोबत फोटोचा पुरावा, यंत्राचं मोजमाप, तारीख, वेळ, ठिकाण आणि कुठलं कलम मोडलं ते हवं. मूळ नियमात ही नोटीस १५ दिवसांत पाठवायची होती. ज्या शहरांत ही यंत्रं बसवायची त्यांच्या यादीत आपलं कोल्हापूरही आहे.

तीन पायऱ्या लावून बघा. दिसणं: पाटी आहे. कळणं: मोजमाप आणि पुरावा हातात येतो. विचारता येणं: कलम आणि तारीख असल्यामुळं आक्षेप घेता येतो. कागदावर तरी तिन्ही पायऱ्या आहेत. प्रत्यक्षात त्या किती पाळल्या जातात, हा वेगळा प्रश्न. आणि तोच तुमचा संशोधनप्रश्न होऊ शकतो.

टोलनाक्याचंही तसंच. दर किती, कुणाला सूट, तक्रार कुठं, हे फलकावर लिहिलेलं असतं, कारण टोलचे नियमच तसं सांगतात. म्हणजे जिथं आपल्या खिशातून पैसे जातात तिथं माहिती द्यायची सवय आपल्या व्यवस्थेला आहे. जिथं पैसे न जाता फक्त माहिती जाते, तिथं ती सवय नाही.

चौकातल्या साध्या सीसीटीव्हीसाठी १६७-अ सारखी नेमकी पाटी मागणारा नियम शोधायला गेलं की हात रिकामे राहतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, पण गुन्हा रोखणं, शोधणं, तपास करणं या कामांना त्यातल्या बहुतेक जबाबदाऱ्यांतून सूट आहे. सूचना देण्याची जबाबदारीही त्या सुटीत येते. दुसरीकडं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. सरकारला त्यात हात घालायचा तर कायद्याचा आधार हवा, योग्य उद्देश हवा आणि उपाय त्या उद्देशाच्या प्रमाणात हवा. आता सांगा, कॅमेरा नेमका काय करतो हेच माहीत नसेल तर तो प्रमाणात आहे की नाही हे कोण कसं ठरवणार? पारदर्शकता ही या कसोटीची पहिली गरज आहे.

एक छोटं गणित

काय लपवायचंय तुला, असं मला कुणी ना कुणी विचारतंच. त्यांच्यासाठी हे गणित. यातले आकडे काल्पनिक आहेत, पण गणित खरं आहे.

समजा एका मोठ्या बसस्टँडवर चेहरा ओळखणारी यंत्रणा बसवली. दिवसाला २०,००० चेहरे तिच्यासमोरून जातात. विकणारा सांगतो, निर्दोष माणसाच्या बाबतीत ती ९९.९ टक्के वेळा बरोबर असते. म्हणजे हजारात एकदा ती निर्दोष माणसाला यादीतला गुन्हेगार समजते. २०,००० भागिले १,०००, म्हणजे दिवसाला २० चुकीच्या घंटा. त्या दिवशी खरोखरचा एक फरारी तिथून गेला आणि तो सापडला असं धरू. एकूण घंटा २१. त्यातली खरी एक. म्हणजे घंटा वाजल्यावर ज्याला बाजूला घेतलं, तो निर्दोष असण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या वर. ९९.९ टक्के अचूक यंत्र, आणि तरीही.

त्या २० जणांत कामाला निघालेला एखादा यंत्रमाग कामगार असेल. त्याची पाळी बुडेल, चारचौघांत शोभा होईल, आणि कशामुळं हे त्याला कधीच कळणार नाही. लपवायचं काही नसलेला माणूस तोच.

यात उंबरठा महत्त्वाचा. यंत्र दोन चेहऱ्यांच्या साम्याला एक गुण देतं. किती गुणांच्या वर जुळलं म्हणायचं, हे माणसं ठरवतात. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकारातल्या एका उत्तरात सांगितलं की ८० टक्क्यांहून जास्त साम्य आलं तर ते जुळलं असं धरतात. विद्यार्थ्यांनी इथं एक बारीक गोष्ट टिपून ठेवावी: ८० टक्के साम्य म्हणजे तो माणूस तोच असण्याची ८० टक्के शक्यता नव्हे. हे दोन वेगळे आकडे आहेत. पंचगंगेचा उंबरठा ४३ फूट, हे आपण शाळेत न शिकताही जाणतो. चेहऱ्याचा उंबरठा कळायला मात्र एका संस्थेला अर्ज टाकावा लागला.

तालुक्याच्या गावात हा अभ्यास कसा करायचा

स्मार्ट सिटी अभियान जून २०१५ मध्ये सुरू झालं. त्यात महाराष्ट्रातली आठ शहरं होती आणि कोल्हापूर त्यात नव्हतं. बहुतेक संशोधन पुणे, नागपूरसारख्या त्या शहरांवर होतं, कारण तिथं नियंत्रण कक्ष आहे, अहवाल आहेत. लहान गावांत यंत्रं येतात ती वेगळ्या वाटेनं. कुठं नगरपंचायतीच्या निधीतून, कुठं जिल्हा नियोजनच्या पैशातून, कुठं व्यापाऱ्यांच्या लोकवर्गणीतून. पैसा एकाचा, खांब दुसऱ्याचा, स्क्रीन पोलीस ठाण्यात आणि दुरुस्ती ठेकेदाराकडं. अशा ठिकाणी तिसरी पायरी, म्हणजे विचारायचं कुणाला, ही सगळ्यात अवघड होते. म्हणून मी सुरुवातीला म्हटलं की हा अभ्यास इथं जास्त चांगला होतो.

प्रश्न छोटा ठेवा. डिजिटल पारदर्शकतेचा अभ्यास, हा प्रश्न नव्हे, ते ग्रंथालयातलं कपाट झालं. 'अमुक गावातल्या सार्वजनिक कॅमेऱ्यांच्या पाट्यांवरून नागरिकाला जबाबदार कार्यालय ओळखता येतं का?' हा प्रश्न झाला. त्याला हो, नाही, किती प्रमाणात, असं उत्तर देता येतं.

पहिलं काम पायी पाहणी. गावाचे भाग पाडा: मुख्य चौक, बसस्टँड, रेल्वे स्टेशन, बाजारपेठ, राज्यमार्गालगतचा भाग, वस्त्या. प्रत्येक यंत्रासाठी एक तक्ता: पाटी आहे का, कुठल्या भाषेत, उद्देश लिहिलाय का, जबाबदार कोण, संपर्क आहे का, साठवणुकीचा कालावधी आहे का. प्रत्येकाला शून्य किंवा एक गुण. ही नोंद दोघांनी वेगवेगळी करा आणि दोघांचं किती जुळतं ते कोहेनच्या कप्पानं तपासा. एकट्यानं केलेल्या नोंदीवर परीक्षक विश्वास ठेवत नाहीत, आणि बरोबरच आहे.

दुसरं काम आकलन चाचणी. लोकांना पाटी दाखवा आणि त्यांना काय कळलं ते विचारा. पाटी आवडली का, असं विचारू नका. हे यंत्र कुणाचं, तक्रार कुठं करायची, असं विचारा. इचलकरंजीच्या बाजूला कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेले कामगार मोठ्या संख्येनं आहेत. मराठी पाटी त्यांना किती कळते, हे तपासल्याशिवाय पाटी यशस्वी म्हणता येणार नाही.

तिसरं काम माहिती अधिकार. महाराष्ट्रात २००५ च्या केंद्रीय कायद्याआधी २००२ मध्येच राज्याचा स्वतःचा कायदा होता, त्यामुळं हे हत्यार आपल्याकडं जुनं आहे. पण ते नीट वापरावं लागतं. राज्याच्या नियमांप्रमाणं अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत हवा, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. आणि 'का' असं विचारू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं २००८ मध्ये सांगितलं की माहिती म्हणजे नोंदीत असलेली गोष्ट. एखादी गोष्ट का केली याचं समर्थन त्यात येत नाही.

म्हणजे, 'चौकात कॅमेरे का बसवले?' हा वाया गेलेला अर्ज. त्याऐवजी असं लिहा: 'कॅमेरे खरेदीच्या कार्यारंभ आदेशाची प्रत, निविदेतील तांत्रिक तपशिलाची प्रत, देखभाल कराराची प्रत, चित्रण साठवणुकीच्या कालावधीबाबतच्या आदेशाची प्रत.' निविदेचा तांत्रिक तपशील हा खजिना असतो. नंबरप्लेट वाचणं, चेहरा ओळखणं यातलं काय काय मागवलं होतं, ते तिथं लिहिलेलं असतं. व्यापारी गुपित म्हणून काही भाग नाकारला तर कलम १० आठवा: गुप्त भाग झाकून उरलेला द्यायची तरतूद आहे. शिवाय कलम ४ मध्ये स्वतःहून जाहीर करायच्या १७ बाबी आहेत, त्या आधी वाचा. कदाचित अर्जाची गरजच पडणार नाही. एक नवी गोष्टही ध्यानात ठेवा: डेटा संरक्षण कायद्यानं वैयक्तिक माहिती नाकारायचं कलम रुंद केलंय, आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालाय. म्हणून अर्जात माणसांची नावं मागू नका, पदं मागा. मोठं सार्वजनिक हित असेल तर माहिती द्यायचं कलम ८(२) अजून शाबूत आहे.

नीतिमत्ता समितीची परवानगी आधी घ्या. पाहणीत लोकांचे चेहरे टिपू नका. पोलीस ठाण्यात पत्र देऊन कल्पना द्या, नाहीतर कॅमेऱ्यांचे फोटो काढणारा माणूस म्हणून तुमचीच चौकशी व्हायची. आणि प्रबंधात कुठला कोपरा कॅमेऱ्यात येत नाही, असा नकाशा छापू नका.

पण सुरक्षेचं काय?

हा आक्षेप खरा आहे, तो टाळू नका. मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यानंतर राम प्रधान समितीनं कॅमेऱ्यांचं जाळं असावं अशी शिफारस केली होती आणि त्यामागं कारण होतं. हरवलेलं पोर सापडतं, साखळीचोर पकडला जातो, अपघाताचा पुरावा मिळतो. कॅमेरे काढा, असं या विषयातला कुणी गंभीर अभ्यासक म्हणत नाही.

प्रश्न इतकाच की काय झाकायचं आणि काय नाही. कॅमेऱ्याचा पासवर्ड, तपासात वापरलेलं चित्रण, गस्तीचं वेळापत्रक हे झाकलेलंच बरं. पण मालक कोण, उद्देश काय, चेहरा ओळखतो की नाही, चित्रण किती दिवस राहतं, तक्रार कुठं करायची, या पाच गोष्टी सांगितल्यानं चोराला काय फायदा होतो ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. वेगाच्या कॅमेऱ्याआधी पाटी लावायला नियमच सांगतो, आणि ती वाचून लोक वेग कमी करतात. तेच तर हवं असतं.

आणि कोल्हापूरला हे नवीन नाही. शहरातल्या रस्त्यांवर खाजगी कंपनीचा टोल आला तेव्हा लोकांनी नुसत्या घोषणा दिल्या नाहीत. एन. डी. पाटील सरांसारखी माणसं करार वाचून बोलत होती: काम किती झालं, दर्जा काय, अटी कुणी मान्य केल्या. कामाचं फेरमूल्यांकन करावं लागलं आणि डिसेंबर २०१५ मध्ये सरकारनं टोल रद्द करत असल्याचं जाहीर केलं. करार मागणं आणि तो ओळ न् ओळ वाचणं ही इथली सवय आहे. ती फक्त रस्त्याच्या डांबरावरून खांबावरच्या यंत्राकडं वळवायची आहे.

या आठवड्यात करायचं काम

तुमच्या गावातला एकच चौक घ्या. तिथल्या प्रत्येक यंत्रासाठी वरचे पाच प्रश्न वहीत लिहा आणि फक्त पाटी वाचून, कुणालाही न विचारता, किती उत्तरं मिळतात ते नोंदवा. मग नगरपंचायत, पोलीस ठाणं आणि शेजारचा दुकानदार यांना तेच पाच प्रश्न विचारा. तिघांची उत्तरं जुळत नसतील, तर वाईट वाटून घेऊ नका. त्या न जुळण्यातच तुमच्या सिनॉप्सिसचा पहिला परिच्छेद आहे.

तक्ता भरताना अडलं तर खाली लिहा. पुढच्या लेखात कोहेनचा कप्पा हातानं कसा काढायचा ते बघू, सॉफ्टवेअरशिवाय.